मधोमध बुडबुडे आले का?

(दृश्य: ओव्हनची काच. आत पिवळसर उजेड.)

काचेला अगदी चिकटून बघा. आत पीचचा कॉबलर आहे: खाली फळं, वर पिठाचे ढीग, असा भाजून केलेला गोड पदार्थ. भांड्याच्या कडेनं पीचचा रस वर आलाय. त्याचे बुडबुडे बारीक आहेत, भराभर फुटतायत. वरचं पीठ सोनेरी दिसायला लागलंय आणि घरभर वास सुटलाय. नेमका याच वेळी हात ओव्हनच्या दाराकडे जातो. थांबा. मधला भाग अजून गप्प आहे.

मी पहिल्यांदा कॉबलर केला, तेव्हा तो इथेच बाहेर काढला होता. वरून देखणा. चमचा घातला, तर खरपूस पापुद्र्याखाली चिकट, कच्चं पीठ आणि त्याखाली पाण्यासारखा रस. घड्याळाप्रमाणे वेळ अगदी बरोबर होती. तेव्हापासून मी कॉबलर रस बघून करते. घड्याळ फक्त अंदाजाला.

(दृश्य: निखाऱ्यांवर ठेवलेलं लोखंडी भांडं, झाकणावरही निखारे.)

हा पदार्थ घडला उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये. तिथे गेलेल्या लोकांना पाय (pie, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि पुडिंग करायची सवय होती, पण हाताशी ना ते साहित्य, ना ती भांडी. मग जड लोखंडी भांड्यात फळं घालायची, वर पिठाचे गोळे टाकायचे, खाली निखारे, झाकणावरही निखारे. पारी लाटायची नाही, कडा दुमडायच्या नाहीत. भाजल्यावर वरचा भाग दगडगोट्यांनी (इंग्रजीत कॉबलस्टोन) फरसबंद केलेल्या रस्त्यासारखा दिसतो, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. हा शब्द या अर्थानं छापील इंग्रजीत एकोणिसाव्या शतकापासून सापडतो.

(दृश्य: उकळत्या पाण्यात पीच.)

आता फळ. एक किलो पिकलेले पीच. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, लगेच गार पाण्यात, की साल बोटानं सरकते. सरकत नसेल तर फळ अजून कच्चं आहे, सरळ सुरीनं सोला. जाडसर फोडी करा. त्यांत १०० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून अर्धा तास झाकून ठेवा.

झाकण काढून बघा. फोडी कोरड्या घातल्या होत्या, आता तळाशी रस साचलाय. आपण पाण्याचा थेंबही घातलेला नाही. साखरेनं फळातलं पाणी बाहेर ओढलं. हा रस ओतून देण्याचा मोह होतो, पण कॉबलरची सगळी चव त्यातच आहे. त्याला फक्त धरून ठेवायचं. त्यासाठी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर.

(दृश्य: रसात मिसळणारं कॉर्नफ्लोअर, अगदी जवळून.)

रस दुधाळ, गढूळ झाला. हा रंग लक्षात ठेवा. कॉर्नफ्लोअरचे कण गार रसात नुसते तरंगत असतात. रस चांगला तापला की ते पाणी शोषून फुगतात आणि तेव्हाच रस दाट होतो. त्यातून रसात साखर असली की हे फुगणं आणखी उशिरा, आणखी जास्त उष्णतेला होतं. कडेचा रस आधी तापतो, मधला सर्वात शेवटी. माझा पहिला कॉबलर पातळ राहिला तो यामुळे: कॉर्नफ्लोअर पुरेसं होतं, मधोमध उष्णताच पोचली नव्हती.

फळं खोलगट भांड्यात ओता आणि १९० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये, वर काहीही न घालता, १० मिनिटं ठेवा. ही पायरी बऱ्याच कृतींमध्ये नसते. मी ती कधीच गाळत नाही. गार फळांवर पीठ पडलं तर ते खालून भिजत बसतं. गरम फळांवर पडलं तर खालूनही लगेच शिजायला लागतं.

(दृश्य: बोटांत चुरलं जाणारं लोणी.)

तेवढ्यात पीठ. १५० ग्रॅम मैदा, तीन मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. त्यात फ्रिजमधून काढलेलं ७५ ग्रॅम लोणी बोटांच्या टोकांनी चुरा. पूर्ण एकजीव करू नका, वाटाण्याएवढे खडे राहू द्या. ओव्हनमध्ये हे खडे वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि तिनं पीठ हलकं होतं. शेवटी १०० मिलिलिटर गार दूध. चमच्यानं सात-आठ वेळा फिरवलं की पुरे. मळायचं अजिबात नाही, नाहीतर ते चिवट होतं. कुठे कोरडा मैदा दिसला तर दिसू दे.

गरम फळांवर चमच्या-चमच्यानं ढीग टाका. ढिगांमध्ये जागा सोडा, विशेषतः मधोमध. वाफेला वाट मिळते आणि आपल्याला बघायला खिडकी. दुसरीही एक पद्धत आहे: भांड्यात लोणी वितळवून त्यावर पातळ पीठ ओतायचं, वर फळं पसरायची; भाजताना पीठ फुगून फळांच्या वर येतं. तीही छान होते, पण रस झाकला जातो. म्हणून मला हे ढिगांचंच आवडतं.

सफरचंदाला रस कमी, तर कॉर्नफ्लोअर निम्मं आणि फोडी पातळ. गोठवलेल्या बेरी घेतल्या तर सुरुवातीची १० मिनिटं पुरत नाहीत. रस कडेनं उकळायला लागेपर्यंत थांबा.

(दृश्य: पुन्हा ओव्हनची काच.)

पीठ टाकून ३५ मिनिटं झाली. भांड्याखाली ट्रे ठेवलाय, ओघळ त्यात पडतायत. मधल्या खिडकीत बघा. एक मोठा बुडबुडा सावकाश वर आला, क्षणभर फुगून थांबला आणि फुटला. मग दुसरा. आता रस मधोमध रटरटतोय, आणि गढूळपणा जाऊन काचेसारखा चकाकतोय. काढा बाहेर.

आणि अर्धा तास हात लावू नका. गार होताना रस आणखी धरतो.

(दृश्य: ताटलीत एक वाढप. चमच्यानं पिठाचा तुकडा उलटा केला जातो.)

वरची बाजू खुसखुशीत आहेच. खालची बघा. कच्चेपणा नाही. रसाला टेकलेला पातळ थर पीचच्या रंगाचा झालाय, मऊ आणि किंचित चिकट, आणि त्याच्या लगेच वर जाळीदार, पांढरं, पूर्ण शिजलेलं पीठ.