‘मू’ अक्षरावरून मुक्ता

(दृश्य : मुक्ताईनगरहून निघालेली दिंडी. टाळ-मृदंग. मागून ‘मुक्ताई, मुक्ताई’ असा गजर.)

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ही चार नावं एका दमात म्हणून पाहा. आधी संसाराकडे पाठ, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि जिना संपला की मुक्ती. कीर्तनकार या क्रमावर तासभर सहज रंगतात. नावं अशी नेटकी लागलेली, पण पोरांचं आयुष्य विस्कटलेलं. वडील संन्यास सोडून संसारात परतले म्हणून घर वाळीत पडलं. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला. चौघं पोरकी झाली. त्यांतली धाकटी मुक्ता, जन्म १२७९चा.

संस्कृतात ‘मुच्’ म्हणजे सोडणं, सुटणं. मुक्ता म्हणजे मोकळी झालेली. आणि मुक्ता म्हणजे मोतीसुद्धा, शिंपल्यातून सुटून आलेला. मौक्तिक, मोती हे सगळे याच गोतातले. तमिळमध्ये मोत्याला ‘मुत्तु’ म्हणतात. शब्द मुळात दक्षिणेचाच, संस्कृतात आल्यावर त्याला ‘मुच्’शी जोडलं गेलं, असं काही भाषा-अभ्यासक मानतात. मला ते पटतं. मोती मन्नारच्या आखातातले, मग नावही तिकडचं असायला काय हरकत आहे? मुक्ताफळ हाही मोतीच. फक्त कुणी ‘आज काय मुक्ताफळं उधळली!’ म्हणालं, तर ते कौतुक समजू नका.

(दृश्य : कुडाची झोपडी, बांबूच्या कामट्यांची बंद ताटी.)

या नावाला वजन आलं ते तिच्यामुळे. लोकांचं बोलणं जिव्हारी लागलं आणि ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. बाहेर धाकटी बहीण उभी. ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ हे तिचं पालुपद महाराष्ट्राला पाठ आहे. पण त्यातला सूर नीट ऐका. ती विनवणी कमी करते, कानउघाडणी जास्त. जग रागाने पेटलं तर संताने पाणी व्हावं, लोकांचे शब्द शस्त्रासारखे लागले तरी त्यांतून उपदेश घ्यावा, असं ती थोरल्या भावाला सुनावते.

तिच्या दुसऱ्या एका अभंगात मुंगी आकाशात उडते, सूर्याला गिळते, माशी व्याली तर घार होते, आणि हे सगळं पाहून शेवटी मुक्ताई हसते. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं त्या नाममुद्रेपाशी असं हसू संतवाङ्मयात फारसं सापडत नाही.

चांगदेवाची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षांचा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला, मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून कोराच कागद धाडला. मुक्ता म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! पुढे त्याच चांगदेवाने तिला गुरू केलं. चौघांत सगळ्यांत लहान, पण लोकांनी तिच्या नावाला ‘आई’ जोडली. १२९७ साली तापीकाठी मेहूणला, वीज कडाडली तेव्हा ती गुप्त झाली, असं वारकरी सांगतात. तेव्हाचं वय अठरा. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावाने, आणि आषाढीच्या मानाच्या पालख्यांत तिची पालखी तिथूनच निघते.

(दृश्य : महेश्वरचा घाट, नर्मदा.)

आता दुसरी मुक्ता. अहिल्याबाई होळकरांची लेक मुक्ताबाई, यशवंतराव फणसे यांची पत्नी. १७९१ साली यशवंतराव गेले. अहिल्याबाईंचे पती खंडेराव कुंभेरीच्या लढाईत पडले तेव्हा सासरे मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाण्यापासून रोखलं होतं. मुलीला मात्र अहिल्याबाई अडवू शकल्या नाहीत. मुक्ताबाई सती गेली.

त्यानंतर चौसष्ट वर्षांनी, पुण्यात, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी निबंध लिहिते : मांगमहारांच्या दुःखाविषयी. तिचंही नाव मुक्ता. मुक्ता साळवे. १८५५ साली हा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील, आम्हाला त्यांच्याकडे पाहायचीही मुभा नसेल, तर आम्ही धर्मरहित ठरलो की नाही, असा तिचा रोकडा सवाल आहे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांगमहारांची काय गत होई, तेही ती लिहिते. शाळकरी वयाच्या मुलीने हे लिहिलंय, हे वाचताना पुन्हा पुन्हा स्वतःला बजावावं लागतं.

(दृश्य : ताटात पसरलेले तांदूळ. अंगठीचं टोक त्यांत अक्षर कोरतं आहे.)

या नावाची एक गंमत म्हणा, की क्रूर थट्टा म्हणा. लग्नात तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची आपल्याकडे रीत. माहेरची मुक्ता सासरी दुसरीच कुणी व्हायची, आणि एखादीचं नाव बदलून सासर तिला मुक्ता हेच नाव द्यायचं. दोघींनाही कुणी विचारायचं नाही.

काळाच्या ओघात मुक्ताबाईतली ‘बाई’ गळली. उरलेलं दोन अक्षरी नाव आजच्या कानाला नवंच वाटतं. रंगभूमीवर आणि पडद्यावर मुक्ता बर्वेने ते घरोघरी नेलं. तरी आर्या, अनन्यासारखी लाट या नावाची आली नाही. एका वर्गात तीन-तीन मुक्ता सहसा भेटत नाहीत, आणि आईबापांना हेच आवडतं.

हे नाव ठेवण्याचं दुसरं कारण पत्रिकेतलं. मघा नक्षत्राच्या चरणांची अक्षरं मा, मी, मू, मे. तिसऱ्या चरणावर मुलगी झाली की घरचे ‘मू’वरून नाव शोधायला बसतात आणि पंचाईत होते. मुग्धा, मुद्रा, मुक्ता. यादी एवढ्यातच संपत येते. आत्या पाळण्याशी वाकून ‘कुर्रर्र’ करते तेव्हा तिच्या तोंडी मुक्ता येण्यामागे कधी संतपरंपरा असते, कधी नुसतं पंचांग.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. आताच्या मुक्ता शाळेत जातील तेव्हा हजेरीपटावर त्यांच्या नावाला लागून आईचं नाव असेल.