वॉटरलूचे वस्ताद: बॉब सिडन्स

अमेरिकेतलं कुस्तीचं कोल्हापूर म्हणजे आयोवा राज्य. बाहेर बर्फ पडत असतो आणि शाळेच्या जिममधे गाव लोटलेलं असतं, पोरांची कुस्ती बघायला. त्यातलंच हे वॉटरलू, कामगारांचं शहर, जॉन डिअरचे ट्रॅक्टर इथेच बनतात. इथल्या वेस्ट हायस्कूलला बॉब सिडन्स २७ वर्षं कोच होते.

तिकडे शाळांच्या मॅच टीमच्या असतात. प्रत्येक वजनगटात एकेक पोरगा उतरतो, जिंकला की टीमला पॉइंट, चितपट मारली तर जास्त. म्हणजे एकच तगडा मल्ल असून भागत नाही, सगळ्यात हलक्या पोरापासून हेवीवेटपर्यंत अख्खी फळी तयार लागते, आणि ती दरवर्षी नव्याने उभी करायची कारण पोरं पास होऊन निघून जातात. सिडन्स सरांच्या टीमनी ३२७ मॅच जिंकल्या, हरल्या फक्त २६, ३ बरोबरीत. मधे तर सलग ८८ जिंकल्या! राज्याचं टीम विजेतेपद ११ वेळा. खरंच कमाल आहे.

आता असं डोळ्यांसमोर आणा, एक जण हात-गुडघे टेकून मॅटवर बसलाय, दुसऱ्यानी मागून कमरेला हात घातलाय. शिट्टी वाजली की खालच्यानी निसटायचं, वरच्यानी दाबून धरायचं, खांदे टेकवायचे. अमेरिकन शाळेतल्या कुस्तीचा जीव ह्या पकडीत आहे.

ह्याच शाळेत आला डॅन गेबल, वजन जेमतेम ४३ किलो. तीन वर्षांत ६४ कुस्त्या आणि एकही हरला नाही. पण १९६४ मधे त्याच्या मोठ्या बहिणीचा राहत्या घरात खून झाला, तेव्हा डॅन १५ वर्षांचा होता, घर पार कोसळलं. त्या पोरानी स्वतःला कुस्तीत झोकून दिलं, आणि अशा वेळी कोपऱ्यात शांत डोक्याचा माणूस बसलेला असणं किती मोठी गोष्ट असेल, मला तर ३२७ पेक्षा हेच जास्त मोलाचं वाटतं.

पुढे १९७२ ला म्युनिक ऑलिम्पिकमधे गेबलनी गोल्ड घेतलं, समोरच्याला एक पॉइंटही न देता. सिडन्स सर शाळेच्या कोचपदावरून निवृत्त झाले त्याच सुमारास गेबल आयोवा युनिव्हर्सिटीचा हेड कोच झाला, आणि त्यानी आपल्या पोरांना १५ राष्ट्रीय टीम विजेतेपदं मिळवून दिली.