सरहद्दीवर थांबलेली शंका

श्रोतेहो, नमस्कार.

भांडवलशाहीवर सडकून बोलणारा विचारवंत व्यासपीठावर उभा राहिला की सभागृह भरतं. त्याचं बोलणं धारदार असतं आणि बरंचसं खरंही असतं. तरी अशा वक्त्याला टाळ्या देताना माझा हात जरा अडखळतो. का अडखळतो, ते सांगायचं तर जुलै १९३१ च्या मॉस्कोत जावं लागेल.

त्या महिन्यात समाजवादी नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ रशियात होते. सोबत लेडी ॲस्टर, त्यांचे पती आणि लॉर्ड लोदियन. शॉ यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस तिथे मोठ्या थाटात साजरा झाला. मॉस्कोत भाषण करताना त्यांनी एक किस्सा सांगितला. रशियात उपासमार आहे असं समजून मित्रांनी त्यांच्याबरोबर खाद्यपदार्थांचे डबे बांधून दिले होते, आणि हद्द ओलांडण्याआधी, पोलंडमध्येच, त्यांनी ते गाडीच्या खिडकीतून फेकून दिले. यूजीन लायन्स हा अमेरिकन वार्ताहर तेव्हा मॉस्कोत होता. किस्सा ऐकून श्रोत्यांच्या पोटात कसं कालवलं, ते त्याने पुढे लिहून ठेवलं. शहरात रेशनकार्डं चालू होती. समोर बसलेल्यांना हसावं की डब्यांसाठी हळहळावं, कळेना.

याच दौऱ्यात स्टालिनची भेट झाली. माणसं मारणं कधी थांबवणार, असं तिथे लेडी ॲस्टरनी तोंडावर विचारलं म्हणतात. गंमत बघा. बाई गडगंज श्रीमंत, हुजूर पक्षाच्या खासदार. आणि ज्यांनी उभं आयुष्य सरदार-उमराव, पाद्री, डॉक्टर, घरमालक अशा सगळ्यांना अडचणीचे प्रश्न विचारण्यात घालवलं, ते शॉ इथे मात्र पाहुण्यासारखे वागले.

आता 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण' हे कोणीतरी म्हणणारच. शॉ नाटकांच्या मानधनावर श्रीमंत झाले. त्यांचे मित्र, समाजवादी लेखक दांपत्य सिडनी आणि बिएट्रिस वेब, यांचा संसार बऱ्याच अंशी बिएट्रिसबाईंच्या वारशावर चालला, आणि तो वारसा रेल्वे कंपन्यांच्या धंद्यातून मोठे झालेल्या वडिलांचा. हा आक्षेप मला स्वस्त वाटतो. पैसा कुठून आला त्यावरून विचार खोटा ठरत नाही. तसं असतं तर पोट भरलेल्या माणसाने भुकेबद्दल बोलायचंच नाही.

शिवाय त्यांची टीका काही हवेतली नव्हती. त्या वर्षांत ब्रिटनमध्ये नोंदलेल्या बेकारांचा आकडा तीस लाखांच्या घरात गेला होता. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे एकाला काम नव्हतं. ब्राझीलमध्ये भाव टिकवायला कॉफीची पोतीच्या पोती जाळत होते. ब्रिटनमध्ये बेकारभत्ता मागणाऱ्याच्या घरी सरकारी माणूस येऊन मुलगा काय कमावतो याची चौकशी करायचा आणि तेवढा भत्ता कापायचा. हे सगळं बघून ज्याला चीड आली नाही, त्याच्यापेक्षा चीड आलेला शॉ मला केव्हाही परवडला.

माझी तक्रार पुढची आहे, आणि ती वेब दांपत्याकडे पाहिलं की नीट कळते. ही दोघं बोलघेवडी नव्हती. कामगार संघटनांचा इतिहास त्यांनी लिहिला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. तरुणपणी बिएट्रिसबाई लंडनमधल्या गरिबीच्या चार्ल्स बूथने केलेल्या पाहणीत काम करत होत्या. लंडनच्या ईस्ट एन्डमधल्या शिलाई कारखान्यांत बायकांना कसं राबवतात ते कळावं म्हणून त्या वेश बदलून स्वतः विजारी शिवायला जाऊन बसल्या. बड्या घरची ही मुलगी कारखानदार सांगतो त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. पुस्तकातलं नको, सरकारी अहवालातलं नको, सुई हातात धरून बघते, ही तिची रीत.

तीच बाई १९३२ च्या उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर सोव्हिएत रशियात गेली. वय चौऱ्याहत्तर, तेव्हा विजारी शिवायला बसावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पण सरबराई इतकी झाली की आपण नव्या जातीचे राजघराण्यातले लोक आहोत की काय, असं त्यांचं त्यांनाच वाटलं. पुढे १९३५ मध्ये दोघांचा हजारावर पानांचा दोन खंडी ग्रंथ आला : 'सोव्हिएत साम्यवाद : एक नवी संस्कृती?' कायदे, घटना, समित्यांची रचना, कोण कोणाला निवडतो, सगळं कागदोपत्री चोख. लंडनच्या कारखानदाराचा कागद ज्यांनी कधी मानला नसता, त्यांनी मॉस्कोचा कागद मानला. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा नावातलं प्रश्नचिन्ह गळलं होतं. त्याच सुमारास मॉस्कोत जुन्या बोल्शेविक, म्हणजे रशियन क्रांती घडवणाऱ्या कम्युनिस्ट, पुढाऱ्यांवरचे खटले उभे राहत होते आणि आरोपी कोर्टात एकामागून एक 'कबुली' देत होते. प्रश्नचिन्ह काढायला मुहूर्त बघा कोणता सापडला!

या सगळ्या सालांच्या मागे युक्रेनमधली उपासमार आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये सामुदायिक मालमत्तेच्या चोरीबद्दल कायदा झाला. लोक त्याला कणसांचा कायदा म्हणत, कारण कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचली तरी तो लागू व्हायचा. शिक्षा गोळी, नाहीतर दहा वर्षं. धान्याची सक्तीची वसुली चालू, निर्यातही चालू. जानेवारी १९३३ मध्ये उपाशी शेतकऱ्यांनी युक्रेन सोडून बाहेर जाऊ नये म्हणून हुकूम निघाला. एकट्या युक्रेनमध्ये उपासमारीने किती माणसं मेली, याचे बहुतेक अंदाज पस्तीस लाख ते पन्नास लाख या दरम्यानचे आहेत. कझाकस्तानातले मृत्यू वेगळे.

हे तेव्हा कोणालाच कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. गॅरेथ जोन्स हा सत्तावीस वर्षांचा वेल्श पत्रकार रशियन उत्तम बोलायचा. मार्च १९३३ मध्ये तो वाटेत गाडीतून उतरला, पाठीवर पिशवी टाकून खेड्याखेड्यांतून चालत गेला, शेतकऱ्यांच्या झोपड्यांत झोपला आणि भाकरी नाही, आम्ही मरतोय, हे त्यांच्या तोंडून ऐकलं. बर्लिनला पोचताच त्याने ते जाहीर केलं. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सचा मॉस्कोतला वार्ताहर वॉल्टर ड्युरॅन्टी याने त्याला खोडून काढलं. ड्युरॅन्टीला आदल्या वर्षी पत्रकारितेचं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं, त्यामुळे लोकांनी कोणाचं ऐकलं असेल ते सांगायला नको. माल्कम मगरिज या इंग्रज पत्रकाराची वार्तापत्रंही त्याच आठवड्यात मँचेस्टर गार्डियनमध्ये आली. हा मगरिज तर बिएट्रिसबाईंच्या भाचीचा नवरा. म्हणजे बातमी घरातच होती. बाईंना ती पटली नाही. आणि त्याच महिन्यात त्याच वर्तमानपत्रात शॉ आणि इतरांचं पत्र छापून आलं होतं, रशियाची बदनामी चालली आहे म्हणून.

माझी तक्रार ती हीच. भांडवलदाराला लावलेली शंका सरहद्दीवर उतरवून ठेवायची आणि परत येताना पुन्हा अंगावर चढवायची. हातची सवय एवढी मोठी, पण नावडत्या माणसापुरतीच. आणि चूक झाली तर बिघडलं काय? शॉ यांची नाटकं चालत राहिली. वेब दांपत्याच्या अस्थी १९४७ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत गेल्या. चुकीची किंमत मोजली ती युक्रेनमधल्या पोल्तावा आणि खारकिवच्या खेड्यांतल्या लोकांनी, ज्यांची दखल वेळेवर घेतली गेली नाही.

सगळेच असे नव्हते, म्हणून तर ही तक्रार करता येते. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल याच वर्तुळातले. पहिल्या महायुद्धाविरुद्ध लिहिलं म्हणून केंब्रिजमधलं अध्यापनाचं काम गेलं, १९१८ मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात जावं लागलं. १९२० साली मजूर पक्षाच्या शिष्टमंडळाबरोबर ते रशियात गेले, लेनिनला भेटले. गरीब शेतकऱ्यांनी श्रीमंत शेतकऱ्यांना झाडाला टांगल्याचं सांगताना लेनिन खदखदून हसला, आणि ते हसू ऐकून आपलं रक्त गोठलं, असं रसेलनी नोंदवलं आहे. परत येऊन त्यांनी त्याच वर्षी बोल्शेविकांवर टीका करणारं पुस्तक लिहिलं. डावे मित्र दुरावले. तरी रसेल काही भांडवलशाहीचे भाट झाले नाहीत, तिच्यावरची त्यांची टीका चालूच राहिली. अशा माणसाने भांडवलशाहीला नावं ठेवली की मी कान देऊन ऐकतो.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एवढं उघड बोलणारा माणूस मॉस्कोपुढे सहज भाळला असता. पण नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलताना त्यांनी मार्क्सच्या ध्येयाशी नव्हे, साधनांशी भांडण मांडलं : हिंसा आणि हुकूमशाही. याच विषयावरच्या लेखनात त्यांचा एक सवाल आहे. आपलं मोलाचं उद्दिष्ट गाठताना दुसरी मोलाची उद्दिष्टं आम्ही उद्ध्वस्त केली नाहीत, असं कम्युनिस्टांना म्हणता येईल का? त्याच महिन्याच्या सुरुवातीला रशियन रणगाडे हंगेरीतला उठाव चिरडायला बुडापेस्टमध्ये शिरले होते.

वेब दांपत्याला कोणी हा सवाल केला असता, तर मला वाटतं, त्यांनी दुसऱ्या खंडातलं योग्य ते प्रकरण काढून दाखवलं असतं, तळटीपांसकट.

नमस्कार.