व्हायोलिनची दुरुस्ती: सुरुवात सरसापासून

श्रोतेहो, नमस्कार. व्हायोलिन घडवायला शिकायचं म्हटलं की इटलीतल्या क्रेमोनाचं नाव निघतं. तिथली शाळा १९३८ सालची. जर्मनीत मिटेनवाल्डची त्याहून जुनी, १८५८ची. तिथवर जाणं सगळ्यांना जमत नाही. पण हात तयार करायला लागतं ते पुष्कळदा घरातच माळ्यावर पडलेलं असतं: सांधा सुटलेलं, वाजेनासं झालेलं एखादं स्वस्त व्हायोलिन. नवं घडवण्याआधी असं एखादं नीट करावं.

सुरुवात सरसापासून. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसच्या लाकडाची. पाठ आणि कडेच्या पट्ट्या मेपलच्या लाकडाच्या. पट्ट्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या. हे सारं कातडीच्या सरसानं जोडलेलं असतं, आणि वरची फळी तर मुद्दाम पातळ सरसानं बसवतात. लाकूड त्यातल्या रेषांच्या आडवं फुगतं आणि आटतं, रेषांच्या दिशेनं जवळपास नाहीच. कोकणातल्या जुलैत फुगलेली फळी विदर्भातल्या मे महिन्यात आटते. तेव्हा ताण कुठेतरी मोकळा व्हायलाच हवा. सांधा सुटला तर पुन्हा चिकटवता येतो. तो सुटलाच नाही तर फळीला उभी चीर जाते. म्हणून सुतारकामाचा पांढरा गोंद इथे वापरूच नये. तो वेळेवर सुटत नाही, आणि त्याचा थर लाकडात मुरला की पुढे सरसही धरत नाही.

सुटलेला सांधा शोधायला बोटाच्या पेरानं कडेकडेनं टकटक करत जायचं. आवाज पोकळ, फटफटीत झाला की जागा सापडली. कोमट पाण्याच्या ब्रशनं जुना सरस धुऊन काढायचा. नवा सरस आधी गार पाण्यात भिजवून, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून साठ अंशांच्या आसपास तापवायचा. उकळला तर ताकद गेली. तो मिनिटाभरात गोठायला लागतो, म्हणून सरस लावण्याआधी क्लॅम्प कोरडेच लावून पाहायचे, आणि लाकूड थोडं गरम करून घ्यायचं.

सांधा धरला की खरी परीक्षा साउंडपोस्टची. स्प्रूसची सहा मिलिमीटर जाडीची ही गोल काडी वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये नुसती उभी असते. तिला सरस लावत नाहीत. जागा घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या तुकड्याच्या, बारीक तारेकडच्या पायामागे, दोन-तीन मिलिमीटरवर. काडीच्या रेषा फळीच्या रेषांना काटकोनात याव्यात, नाहीतर त्या फळीत रुततात. दोन्ही टोकं आतल्या गोलाईप्रमाणे तिरकी तासायची, तीही धारदार पटाशीनं. पॉलिशपेपरनं कडा गोल होतात आणि काडी एका बिंदूवर टेकते. मग इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या सळईवर खोवून ती आवाजाच्या फटीतून आत न्यायची. छोटा आरसा आत धरून सांध्यात कुठे उजेड दिसतो का ते पाहायचं. उजेड दिसला की बाहेर काढून पुन्हा तासायची. लांब काडी ठोकून बसवली तर फळी फटीपाशी उचलली जाते आणि तिथेच चिरते; आखूड राहिली तर तारा सैल करताच पडते. याच कारणानं चारही तारा एकदम काढू नयेत. काडी पडलेली असताना तारा ताणल्या तर फळी खचते.

घोडीचं काम त्यामानानं सरळ. पाय फळीच्या उंचवट्यावर तंतोतंत टेकावेत. खडू लावून टेकलेले भाग ओळखायचे आणि तेवढेच खरवडायचे. वरची कड सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तंबोऱ्याच्या घोडीची रुंद जवारी डोळ्यांसमोर असणाऱ्या आपल्या कारागिरांना ती फार बारीक वाटते, पण जाड कड आवाज दाबते. बोटं ठेवायच्या पट्टीच्या घोडीकडच्या टोकाशी बारीक ई तार साडेतीन आणि जाड जी तार साडेपाच मिलिमीटर उंच ठेवावी. खुंट्या घसरत असतील तर त्यांना खडू आणि पावसाळ्यात अडकत असतील तर कोरडा साबण लावायचा.

तारा चढवताना दर वेळी घोडीचा वरचा भाग खुंट्यांकडे ओढला जातो. सूर जुळला की दोन्ही हातांच्या बोटांनी तो हलकेच मागे घ्यायचा, शेपटाकडची, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात तिकडची, बाजू फळीशी काटकोनात येईपर्यंत. हे राहून गेलं की घोडी वाकते, आणि एक दिवस आडवी पडून फळीवर आपटते.