ब्लूज ऐकताना मान का डोलते? अल्बर्ट किंग, १९६७

(‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ गाण्याची पहिली काही सेकंदं)

हा बास, म्हणजे खर्जातली बास गिटार, ऐकू आला? नसेल आला, तर हेडफोन लावा. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला खर्ज झेपत नाही, आणि या रेकॉर्डचा अर्धा जीव खर्जातच आहे.

ही अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक अल्बर्ट किंगची रेकॉर्ड, ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःख गाणारं संगीत. स्टॅक्स कंपनीने १९६७ साली काढली. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका जुन्या थिएटरात त्यांचा स्टुडिओ होता. साथीला तिथलीच मंडळी, ‘बुकर टी. अँड द एमजीज’ हा बँड. एरवी सोल गाण्यांना, म्हणजे ठेक्यावर नाचवणाऱ्या कृष्णवर्णीय पॉपला, वाजवणारे हात, म्हणून हा ब्लूज असा ठेका धरतो.

रेकॉर्डच्याच नावाचं हे शीर्षकगीत तीनदा ऐका.

पहिल्यांदा फक्त बँडमधल्या डक डनचा बास. नेहमीच्या ब्लूजचं कडवं बारा बारांचं (एक बार म्हणजे चार ठोके), आणि पाचव्या बारला कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सूर, बदलते. इथे कडवंभर एकच कॉर्ड, तोच तुकडा घोळत राहतो. ध्रुवपदात फुटक्या नशिबाची ओळ येते, तेव्हा कुठे कॉर्ड हलते. इतका वेळ ताणून धरल्यामुळे ते हलणं अंगावर येतं.

दुसऱ्यांदा ड्रमर अल जॅक्सनचा स्नेअर, म्हणजे कडकडीत वाजणारा ड्रम. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर द्या. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय, त्यामुळे ती पहिल्यावर पडते आणि सगळी मजा जाते.

तिसऱ्यांदा गिटार. अल्बर्ट डावखुरा, उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा. त्यामुळे बारीक तारा वरच्या बाजूला आल्या. इतर लोक तार वर ढकलतात, हा खाली जमिनीकडे ओढतो, सितारिया मींड काढताना ओढतो तशीच. पूर्ण पंजाचा जोर मिळतो, म्हणून एकाच ओढीत सूर कधीकधी सा ते शुद्ध ग इतका चढतो.

गिटार शिकणाऱ्यांचं इथेच चुकतं. तार ओढली जाते, पण सूर थोडा खालीच राहतो. आधी दोन फ्रेट (गिटारच्या दांडीवरचे पडदे) पुढचा सूर वाजवा, तो कानात बसवा, मग मागे येऊन तार तिथपर्यंत ओढा. घाई नको.

आणि एक बघा: तो गातो तेव्हा त्याची गिटार गप्प असते. ओळ संपली की तिचं उत्तर येतं, चार-पाच सुरांचं. हे सगळ्यात स्वच्छ ऐकायचं तर याच रेकॉर्डवरचं ‘ॲज द इयर्स गो पासिंग बाय’ लावा. लय संथ आहे. प्रत्येक ओढ कुठून निघते आणि कुठे टेकते, सुटं सुटं कळतं.