सेन्सर घेताना आधी ग्लँड बघा

श्रोतेहो, नमस्कार.

वेर्णा, कुंडई, बेतोडा, तुये... कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जुलै महिन्यात मेंटेनन्सवाल्याला विचारा, सेन्सर कशानं गेला? बहुतेक वेळा उत्तर येईल, ‘पाणी शिरलं.’ आणि पाणी शिरतं ते सेन्सरच्या तोंडातून नव्हे, शेपटीकडून. जिथून केबल आत जाते तिथून.

खरेदी करताना आपण रेंज बघतो, अचूकता बघतो, किमतीवर घासाघीस करतो. ग्लँड, म्हणजे केबल आत जाते तिथं तिला घट्ट आवळणारा तो नट, मात्र दुकानात हाताला येईल तो. केबल बारीक आणि ग्लँड मोठा, मग टेप गुंडाळून बसवायचा! त्या टेपच्या भरवशावर आपण गोव्याचा पाऊस काढणार. केबलच्या बाहेरच्या जाडीला बसणारा ग्लँड घ्या, केबल शक्यतो खालच्या बाजूनं आणा, आणि तिला आत शिरण्याआधी एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. बॉक्सचं रिकामं भोक कापडाच्या बोळ्यानं नको, प्लगनंच बंद करा.

आता सेन्सरवर छापलेल्या आयपी ६७ बद्दल. हा आकडा सांगतो की धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी बिघडणार नाही. जोराच्या फवाऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात रोज गरम पाण्याच्या प्रेशरनं धुतात, तिथं आयपी ६९के लागतो. शिवाय ही चाचणी नव्या मालाची असते. झाकण दहा वेळा उघडून त्याखालचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी पट्टी, चेपलं की छापलेला आकडा तसाच राहतो, एवढंच. समुद्राजवळ असाल तर बॉडी ३०४ ऐवजी ३१६ स्टीलची घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला ती जास्त टिकते. चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

ओल आत गेली की नेमकं काय होतं? तापमान मोजणारा पीटी १०० घेऊ. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. हेड, म्हणजे तारा जोडायची सेन्सरवरची डबी, उघडलं की कधी कधी टर्मिनलवर हिरवट भुकटी दिसते, पट्टीवर ओलसर थर. त्या थरातून थोडा करंट आडवाटेनं जातो आणि रोध कमी भासतो. गळती दहा हजार ओहमची जरी असली, तरी शंभर अंशाला रीडिंग साधारण पाच अंश खाली येतं. कंट्रोलरला वाटतं, माल अजून तापला नाही. तो वाफ देतच राहतो. सेन्सर पूर्ण मेला तर अलार्म तरी वाजतो. हा जिवंत राहून खोटं बोलतो, म्हणून मला त्याचीच भीती जास्त.

वायरिंगही अशीच खोड काढते. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वीस मीटर केबल दोनच तारांनी जोडली, तर जाऊन-येऊन सुमारे १.४ ओहम वाढतात, म्हणजे साडेतीन अंशांची चूक, ती उलट्या बाजूला. तीन तारांचा सेन्सर घ्या, त्याचा सिग्नल कंट्रोलरकडे पाठवणारा ट्रान्समीटरही तीन तारांचाच, आणि तिसरी तार, केबलचा रोध वजा करायला असते ती, खरोखर जोडा. ती बॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेली मी पाहिलेली आहे.

ओल तपासायला मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्शुलेशन तपासायचं यंत्र, लावणार असाल तर आधी ट्रान्समीटरच्या तारा सोडवा. नाहीतर सेन्सर तपासता तपासता ट्रान्समीटर जळायचा. हे काम मे महिन्यात उरका; पाऊस लागल्यावर झाकण उघडलं की तीच दमट हवा आपण आत कोंडतो.

आणखी एक तपासणी फुकटातली आहे. चवथीला प्लांट बंद असतो, टाक्या थंड पडतात. सुट्टी संपल्यावर, वाफ सोडण्याआधी, स्क्रीनवर सगळ्या तापमानांची एक यादी काढा. थंड प्लांटमध्ये एका शेडखालच्या रिकाम्या टाक्यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत, आणि उघड्या लाइनवरचे प्रेशर शून्यावर. एखादी टाकी बाकीच्यांपेक्षा तीन अंश खाली दाखवत असेल, तर वाफ सोडण्याआधी पहिलं हेड तिचंच उघडा.

नमस्कार.