भंगारातलं लाकूड आणि एकट्या माश्या

श्रोतेहो, नमस्कार.

जुनं घर पाडलं की चौकटीचं सागवान, वाशांचे तुकडे, गंजके पत्रे अंगणात पडून राहतात. भंगारवाला यायच्या आत त्यातला हातभर जाड तुकडा बाजूला काढा. परसबागेतल्या मधमाश्यांना घर करायला तो उपयोगी पडेल.

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळंच आठवतं. पण मधमाश्यांच्या बहुतेक जाती पोळं करत नाहीत, एकट्याच राहतात. पान कापणारी माशी बघा. गुलाबाच्या पानाचा गोल तुकडा कापते, पोटाशी धरून लाकडातल्या भोकात नेते, त्याची सुरळी करते. आत पराग भरून एक अंडं घालते आणि वर पानाचंच बूच. अशा सुरळ्या एकामागे एक. आतल्या टोकाला माद्यांची अंडी, तोंडाशी नरांची. भोक उथळ असेल तर नरच जास्त निपजतात. म्हणून आपल्या तुकड्यात ड्रिलने ४ ते १० मिलिमीटरची भोकं पाडा, खोली १५ सेंटिमीटरच्या आसपास. पण आरपार नकोत. भोकांच्या कडा पॉलिशपेपरने घासा, कुसळांनी पंख फाटतात.

रंग, पॉलिश किंवा वाळवीचं औषध लागलेलं लाकूड घेऊ नका. मालाच्या पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता दिलेली, चालेल. ‘एमबी’ म्हणजे विषारी धुरी दिलेली, ती नको.

आता पत्रा. बरेच जण माश्यांसाठी पत्र्याच्या डब्यातच पोकळ नळ्या कोंबतात. वैशाखात भर दुपारी त्या डब्याला हात लावून बघा! आतल्या अळ्या शिजतील. पत्र्याचं काम छपराचं. लाकडापासून बोटभर फट ठेवून तो बसवा, पुढे चार बोटं येऊ द्या, म्हणजे पावसाची झड आत जात नाही. पाय सळईचे करा आणि त्यांना ग्रीस फासा, मुंग्या चढणार नाहीत. पायांखाली पाण्याच्या वाट्या नकोत, त्यांत डास होतात. तोंड पूर्वेला, उंची छातीएवढी आणि वाऱ्याने हलता कामा नये.

पाइनच्या सुक्या शंकूंनी सजवलेली माश्यांची विकतची घरं मला शोभेचीच वाटतात.

काळ्या भुंग्यासाठी बांबूचं वाळकं कांडं शेजारी बांधा. वांग्या-टोमॅटोच्या फुलाला धरून तो अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही.

भोकांना बुचं दिसली की ठोकळा हलवू नका, आसपास फवारणीही नको. दोनेक वर्षांनी मात्र तुकडा बदला, जुन्या भोकांत बुरशी आणि माइट्स, म्हणजे अगदी बारीक कोळ्यांसारखे जीव, साचतात.